काच पाहून घेतलेली गाडी

पणजोबांनी काचा पाठीवरून वाहिल्या. लाकडी चौकट खांद्यांना बांधून, वाऱ्याच्या दिवशी भिंतीच्या कडेकडेने, आणि घरातले लोक सांगत की उभ्या जन्मात त्यांनी शिंकसुद्धा बेतानेच दिली. आजोबांनी त्या चौकटीला सायकल जोडली, पण सायकलवर ते कधी बसले नाहीत. चाके काचेसाठी आणि पाय स्वतःसाठी, असा त्यांचा न्याय होता. वडिलांनी हातगाडी केली, तिच्यावर जुन्या रजयांच्या घड्या अंथरल्या, दुकानाला पाटी लावली आणि ‘थोरले काचवाले’ हे नाव कमावले. त्यांचा एकुलता एक मुलगा मग ओघानेच ‘धाकटे काचवाले’ झाला. आता तो साठीला टेकला होता, थोरल्यांना जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती, घरात त्याच्याहून थोर तर सोडाच, दुसरे माणूसच उरले नव्हते. तरी लोकांच्या तोंडी तो धाकटाच राहिला.

या घराचा एक दंडक होता. काच चौकटीत बसून कडेची पुट्टी भरली जाईपर्यंत ती काचवाल्याची. वाटेत फुटो, उतरवताना फुटो, गिऱ्हाइकाच्या दिवट्या पोराने चेंडू मारून फोडो, नुकसान काचवाल्याचे आणि बदली काच देणेही त्याच्याच माथी. चार पिढ्या हे पाळले गेले, आणि त्या पाळण्यातूनच थोरल्यांच्या शिरावर एक देणे राहून गेले.

गावाच्या वरच्या अंगाला, एका अरुंद चढाच्या शेवटी, शिवणवाल्या मावशींचे घर होते. धंदा बसला होता त्या वर्षांत मावशींनी काचवाल्यांच्या घरातले सगळे कपडे शिवून दिले. धाकट्याचे शाळेचे सदरे, मग लग्नाचा पोशाख, आणि पुढे त्याच्या मुलीची झबली. शिलाई म्हणून एक पैसा घेतला नाही. त्यांनी मागितले ते एवढेच: उत्तरेच्या मोठ्या खिडकीला एक अखंड काच. मधली पट्टी नको, जोड नको. पट्टीची सावली कापडावर पडते आणि टाका चुकतो. थोरल्यांनी शब्द दिला. पहिली काच चढावर फुटली. दुसरीही फुटली. तिसऱ्या खेपेला हातगाडी मागे आली, काचेबरोबर थोरल्यांची कंबरही गेली, आणि ते पुन्हा गाडीला लागले नाहीत. मावशींनी खिडकीला प्लायवुड आणि प्लास्टिकचा कागद ठोकला आणि त्या विषयावर ओठ उघडले नाहीत. न मागणारा धनको मागणाऱ्यापेक्षा जड जातो, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच कळेल.

धाकटा तो चढ टाळू लागला. बायको म्हणे, “अहो, एकदा जाऊन भेटून तरी या.” तो म्हणे, “हात हलवत कशाला जायचं? काच घेऊनच जाऊ.” यात मान किती आणि लाज किती, याची वाटणी त्याने कधी केली नाही.

मोठी काच हे दोघांचे काम. एक पुढे, एक मागे, आणि मध्ये बोलणे अखंड चालू हवे: पायरी, वळण, थांब, आता घे. पुढच्याने सांगायचे, मागच्याने तेच परत म्हणायचे, म्हणजे ऐकल्याची खूण पटते. दुसरे टोक नेहमी बायकोने धरले. त्या दोघांच्या संसारातले निम्मे बोलणे काचेच्या दोन टोकांवरूनच झाले होते. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि धाकट्याने मोठ्या काचांची कामे घेणे बंद केले. न्हाणीघराच्या झडपा, फोटोंच्या काचा, एकट्याच्या दोन हातांत मावेल तेवढेच. संध्याकाळी तो दुकानाचे शटर आतून ओढून घेई, मागच्या खोलीत उभ्या उभ्याच जेवी, आणि एकाच ताटासाठी नळ किती वेळ वाहू द्यावा हे त्याला अजून उमगत नसे.

अशा एका दुपारी गवंडी झडपेची काच घ्यायला आला. जुनी ओळख, गवंड्याने भोक ठेवायचे आणि काचवाल्याने ते भरायचे.

“पुढलं काम कुठे?” धाकट्याने सहज विचारले.

“वर चढावर. शिवणवाल्या आजींची मोठी खिडकी बुजवायची आहे. वारा येतो म्हणतात. थंडीच्या आत विटा लावून टाक म्हणाल्या.”

धाकट्याचा हात काचेवर थांबला. “सगळी?”

“सगळी. मी म्हटलं, आजी, हातभर झरोका तरी ठेवतो. तर म्हणाल्या, झरोक्यातून काय शिवू, बटणं?”

गवंडी हसला. धाकट्याला हसू आले नाही. खिडकी बुजली की देणे फेडायला जागाच उरणार नव्हती; बापाचा शब्द विटांच्या आड कायमचा चिणला जाणार होता. “विटा कधी येतात?” त्याने विचारले.

“भट्टीवाल्याच्या मनात येईल तेव्हा. महिना तरी जाईल.”

दुसऱ्या दिवसापासून तो वाहन शोधत हिंडला. मोठा टेम्पो त्या चढाच्या तोंडाशीच अडकतो. हमालांनी चढाचे नाव ऐकताच कानावर हात ठेवले. भाड्याच्या छोट्या गाडीवाल्याने स्पष्ट सांगितले की काच सोडून काहीही चढवा. शेवटी त्याने मनाशी पक्के केले की गाडी स्वतःचीच हवी, आणि एका बंद पडलेल्या बेकरीच्या दारात उभी असलेली छोटी मालवाहू व्हॅन पाहायला तो गेला.

वाहन घेणारा माणूस इंजिन चालू करून पाहतो, धुराचा रंग पाहतो, चढावर नेऊन पाहतो. धाकट्याने काचा पाहिल्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कारखान्याची बारीक खूण असते आणि वर्ष असते. समोरची, दोन्ही बाजूंची, मागच्या दारांची, साऱ्या काचा एकाच वर्षाच्या निघाल्या. याचा अर्थ गाडीला कधी अपघात नाही, काच कधी बदललेली नाही. समोरच्या काचेवर वायपरचा ओरखडासुद्धा नव्हता. धाकट्याने नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि समाधानाने मान हलवली.

“इंजिन बघता का?” बेकरीवाल्याने विचारले.

“ज्याने काच इतकी सांभाळली, त्याने इंजिन सांभाळलं नसेल होय?”

बेकरीवाल्याने किल्ली पुढे केली. बोलण्याजोगे त्याच्याकडे काही नव्हते आणि गाडी विकायची होती. आपल्या विद्येने माणूस जितका फसतो तितका दुसऱ्याच्या लबाडीने फसत नाही.

पुंजीतला मोठा हिस्सा देऊन धाकट्याने गाडी घरी आणली, आणि पहिल्याच सकाळी ती ढगासारखा पांढरा धूर ओकून तीनदा खोकली. तिसऱ्या दिवशी बाजूचे सरकते दार अर्ध्यावर अडकले. चौथ्या दिवशी तापमानाचा काटा लाल रेघेला भिडला. तेव्हा त्याने मिस्त्रीचे गॅरेज गाठले.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला तो हसतच. “काका, या दाराच्या रुळात पाव भाजायला ठेवले होते का? पीठ आणि ग्रीस मिळून दगड झालाय.”

“निघेल का?”

“तो निघेल. रोलर बदलू, किरकोळ खर्च आहे. पण बाकीचं ऐका.” त्याने चिंधीने हात पुसले. “इंजेक्टर झिजलेत, म्हणून गार असताना पांढरा धूर. ते सध्या चालेल. पाण्याचा पंप गळतोय, ते चालणार नाही. इंजिन तापून हेड वाकलं तर गाडी भंगारात घालावी लागेल. पंप काढायचा तर टायमिंग बेल्टही त्याच हाताने बदला, नाही तर उद्या तेवढ्यासाठी पुन्हा तीच मजुरी. पंप, बेल्ट मिळून नऊ हजार. मागचे दोन्ही शॉकअप गेलेत. खड्ड्यात गाडी नाचते ती त्यामुळे. ते सहा. आणि क्लच.”

“क्लचला काय झालं?”

“संपलाय. सपाटीवर ओढेल, चढावर घसरेल. भाग महाग नाही हो, पण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. अठरा.”

धाकट्याने मनाशी बेरीज केली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच.

“घेताना मला का नाही बोलावलंत?” मिस्त्रीचा सूर नरमला. “काय बघून घेतलीत?”

“काचा.”

मिस्त्रीने गाडीला एक फेरी मारली. “काचा झकास आहेत,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “गाडी काय, शोकेस घेतलीत तुम्ही.”

रात्रीच्या जेवणाआधी मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरी करत होती आणि ठरल्या वारी फोन करत होती. गाडीचे ऐकून म्हणाली, “बाबा, मी पाठवते पैसे. एवढं काय त्यात?”

“तुझ्या पैशाने फिटलं तर ते तुझ्या आजोबांनी फेडलं असं कसं म्हणायचं?”

“मग तुमच्या पैशाने फिटलं तरी कसं म्हणणार?”

“मी त्यांच्याच दुकानात बसतो ना.”

तिने वाद सोडला. मग म्हणाली, “जेवलात का?” तो म्हणाला, “जेवलो.” दोघांनाही ते खोटे ठाऊक होते, आणि दोघांनीही ते चालवून घेतले.

उरलेल्या पुंजीत सगळे बसत नव्हते. पंप आणि बेल्ट टाळता येत नव्हते. राहिले शॉकअप आणि क्लच, दोहोंतले एकच. मिस्त्रीने क्लच म्हणून हट्ट धरला. धाकटा म्हणाला, “गाडी अडली तर ढकलता येते. काच हिसक्याने फुटली तर सांधता येत नाही. शॉकअप घाल.”

“काका, ओझं वर न्यायचंय ना? मग वर जाणारी गाडी हवी. नाही तर असं करा, काचेचे दोन तुकडे करून डोक्यावर न्या. मध्ये पट्टी मारा. म्हातारीला काय कळणार?”

“तिला टाक्यात कळतं,” धाकटा म्हणाला. “क्लचचं पुढल्या महिन्यात बघू. तोवर विटा येत नाहीत.”

विटा आल्या. आठवडाही गेला नव्हता. सकाळी दुकान उघडताना समोरून रिकामा विटांचा ट्रॅक्टर खाली आला, आणि चालवणाऱ्याने आपण होऊन सांगितले की चढाच्या तोंडाशी माल टाकला, गवंडी आणि मजूर तो वर वाहून नेत आहेत, आज काम सुरू.

धाकट्याने शटर पुन्हा ओढले. काच कापून ठेवलेली होती. माप त्याला तोंडपाठ होते, बापाने अंथरुणावरून इतक्यांदा म्हटले होते की ते पाढ्यासारखे मुरले होते. छातीइतकी उंच, जवळजवळ पुरुषभर लांब. दाराला गाडी लावून, जड कपाट सरकवतात तशी एकेक कोपरा पुढे घेत, त्याने एकट्याने ती गाडीत ठोकलेल्या लाकडी घोड्याला, काच टेकवायच्या उतरत्या चौकटीला, तिरकी टेकवली, रजया कोंबल्या, पट्टे आवळले. एवढ्यातच त्याचा सदरा पाठीला चिकटला. वर गेल्यावर दुसरे टोक कोण धरणार, हा विचार त्याने बाजूला सारला. आधी वर पोचायचे होते.

सपाटीवर गाडी राणीसारखी गेली. नवे शॉकअप खड्डे गिळत होते, मागून काचेचा हूं की चूं नव्हता. चढ लागला, आणि पहिल्या वळणापाशी इंजिनचा आवाज वाढला पण चाके मंदावली. पायाखालून करपल्याचा वास आला. त्याने अधिक दाबले. आवाज किंचाळण्यावर गेला आणि गाडी थांबली. हँडब्रेक ओढून तो उतरला, चाकामागे दगड लावला आणि उभा राहिला. दोन्ही बाजूंच्या भिंती उंच होत्या. याच वळणावर तिसऱ्या खेपेला हातगाडी मागे आली होती. तेव्हा तो पंचविशीचा होता, मागून रेटा द्यायला होता, आणि ओझे अंगावर येताच सुटलेले हात त्याचेच होते. बापाने ते कुणालाही सांगितले नाही. त्यालाही नाही.

त्याने मिस्त्रीला फोन लावला.

“काका, मी काय सांगितलं होतं?”

“ते परत सांगू नकोस. आता काय करू ते सांग.”

पलीकडे हातोड्याचा आवाज थांबला. “खाली सपाटीला घ्या. क्लच गार होऊ द्या, घाई नाही करायची. मग रिव्हर्स टाका आणि उलटे चढा. या गाडीचा रिव्हर्स पहिल्या गिअरपेक्षाही ताकदीचा आहे, क्लचवर तेवढा भार कमी येतो. आणि पाय अर्धा ठेवायचा नाही. पूर्ण उचलायचा. एकदा सुटलात की मध्ये थांबलात तर संपलं.”

“उलटा जाऊ वरपर्यंत?”

“मुलगी बघायला चाललाय का तुम्ही, तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघायला?”

तो खाली आला. बॉनेटवर हात ठेवून गाडी निवण्याची वाट पाहत बसला. मग त्याने गाडी फिरवली, मान मागे वळवली आणि पाय उचलला. मागच्या दारांच्या त्या निष्कलंक काचांतून चढ त्याच्याकडे येऊ लागला, आणि मध्ये तिरकी उभी असलेली मोठी काच त्या चढाला किंचित हिरवी छटा देत होती. गाडी कण्हत होती, पण जात होती. वळण आले. त्याच्या तोंडून नकळत निघाले, “वळण.” गाडीत त्याच्याशिवाय कोणी नव्हते. त्याने क्षणभर वाट पाहिली, ती सवयीने. मग स्वतःच परत म्हटले, “वळण,” आणि चाक फिरवले.

मावशी अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. खिडकीच्या पोकळीत विटांचे दोन थर चढले होते आणि गवंडी तिसऱ्याला मसाला लावत होता. पाठमोरी, धुराने वेढलेली गाडी फाटकाशी येऊन बंद पडली, तेव्हा मावशींनी डोळ्यांवर हाताचा आडोसा केला.

“पाठ दाखवत कोण आलं?”

“मी. थोरल्यांचा.”

मावशींनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. कपडे मापायची त्यांची नजर अजून तीच होती. “वाळलास,” त्या म्हणाल्या. मग, “काच आहे?”

“आहे.”

“अखंड?”

“अखंड.”

त्या गवंड्याकडे वळल्या. “विटा काढ.”

“आजी, आत्ता तर लावल्या. माझी मजुरी…”

“मजुरी दिवसाची ठरली आहे. दिवस अजून माझा आहे. लावायची दिली तशी काढायचीही देईन. ते झालं की याचं दुसरं टोक धर.”

गवंड्याने थापी खाली ठेवली, आणि विटा एकेक करून बाहेर आल्या. धाकट्याने चौकट धुतली, ओला मसाला खरवडला, कोपरे तपासले. मग त्या दोघांनी काच उतरवली. धाकटा पुढे होता.

“पायरी,” तो म्हणाला.

मागून काही आले नाही. तो थबकला. “ऐकलंस की परत म्हणायचं,” त्याने सांगितले.

“पायरी,” गवंड्याने म्हटले, जाडाभरड्या, अनोळखी आवाजात. धाकट्याची मान खाली गेली. काचेत त्याला स्वतःचा चेहरा आणि त्यामागे आभाळ दिसत होते. त्याने पाऊल उचलले. “थांब. आता घे.” “थांब. आता घे.” काच चौकटीत टेकली, कडेने नखभर मोकळ्या फटीसह, आणि हलली नाही.

तो कडेच्या पट्ट्या ठोकीत असताना मावशींनी विचारले, “बायको नाही आली? ती धरत असे ना दुसरं टोक?”

“गेली ती. तीन वर्षं झाली.”

मावशी खुर्चीतून उठून जवळ आल्या. “मला कोणी कळवलं नाही.”

“मीच यायला हवं होतं.”

“हवं होतं,” त्या म्हणाल्या. “मी तुझ्या बापाकडे काच मागितली होती. तोंड लपवायला सांगितलं नव्हतं. ते तुमचं तुम्ही ठरवलंत, आणि मला या चढावर एकटीला बसवलंत. तुझ्या लग्नाचा पोशाख मी शिवला. लग्नानंतर तो कसा बसला ते दाखवायला तू कधी आला नाहीस.”

धाकट्याने हातोडी खाली ठेवली. “चांगला बसला होता,” तो इतकेच म्हणाला.

“मला ठाऊक आहे. माझंच माप होतं.”

त्याने पुट्टी मळली आणि चारी बाजूंनी भरली, अंगठा न उचलता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मावशी आत गेल्या. शिवणाच्या मेजावर त्यांनी पांढरे कापड अंथरले, वाकून, बोटांनी दडपून, या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिले. उत्तरेचा शांत उजेड कापडभर सारखा पडला होता. सावलीची रेघ कुठेही नव्हती. त्यांनी सुई ओवायला घेतली. दोनदा दोरा चुकला, तिसऱ्यांदा गेला. हातभर शिवण घालून त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि टाके उजेडात धरून पाहिले.

मग त्यांनी गवंड्याला आत बोलावले, कारण अशी गोष्ट साक्षीदारासमोर बोलावी लागते. धाकटा चिंधीने अंगठा पुसत खिडकीबाहेर उभा होता. काचेपलीकडून त्याला त्यांचे ओठ दिसत होते, आणि दारातून आवाज येत होता.

“शब्द तोंडी दिला होता, म्हणून तोंडीच सांगते,” मावशी म्हणाल्या. “थोरल्या काचवाल्यांनी मला एक काच कबूल केली होती. ती आज मिळाली, ठरली तशी, पुरी. त्यांच्या घराकडे माझं आता काही येणं नाही.”